डिस्कमधली वाळू

३ एप्रिल, परभणी

दुपारी गाडीतून उतरले तेव्हा ऊन असं होतं की फलाटावरची कुत्रीसुद्धा बाकाखालून हलत नव्हती. तरी मन एकदम हलकं होतं. नागेशदादा स्वतः स्कूटर घेऊन आले होते. माझ्या पेट्या रिक्षात आणि मी दादांच्या मागं. वाटेत ते पाहुणीला गाव दाखवावं तसं मला सगळं दाखवत होते, जणू मी जिंतूरकडची नाहीच. मी म्हटलं, दादा, लहानपणी अण्णांच्या मेंढरांमागं ह्याच वसमत रोडनं मी पायी गेलेली आहे. ते हसले. म्हणाले, तेव्हा रोड मेंढरांचाच होता.

दादांचं कॉम्प्युटरचं दुकान आवडलं. पुढं काउंटर, काचेच्या कपाटात चार्जर आणि माउस, आणि मागं एक बिनखिडकीची खोली. ती आता माझी. पुण्यात मी बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचे फोटो, हिशेब, प्रबंध परत काढायचे. इकडं असं काम करणारं कुणी नाही, डिस्क बिघडली की लोक ती पुण्याला नाहीतर हैदराबादला पाठवतात. दादा तिथं माझ्याकडं एकदा डिस्क घेऊन आले होते, तेव्हापासूनची ओळख. गेली दोन वर्षं फोनवर एकच घोषा होता, शालू, इकडं ये, मागची खोली रिकामीच आहे. शेवटी आले.

राहायला गच्चीवरची खोली. बबितावहिनींनी आल्या आल्या ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आंबट वरण वाढलं. पुण्यातला तो खोलीवरचा डबा आता संपला. आजपासून पुन्हा रोजनिशी लिहायची असं ठरवलंय. सुरुवात चांगली झाली आहे.

५ एप्रिल

मागची खोली लावून झाली. भिंती पुसल्या, फरशी दोनदा धुतली, दाराला खालून रबराची पट्टी बसवली. डिस्क उघडायची तर धूळ अजिबात चालत नाही, म्हणून माझी काचेची स्वच्छ हवेची पेटी पुण्याहून आणली आहे, तिच्यात हात घालून काम करायचं. वहिनी दारातून बघून म्हणाल्या की त्यांच्या देव्हाऱ्याहून जास्त सोवळं इथंच दिसतंय, आणि मग स्वतःच हसल्या, कारण त्यांच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, आणि त्यांच्यापुढं रोज ताजी फुलं.

पहिलं गिऱ्हाईक कृषी विद्यापीठातले एक सर. पेन ड्राइव्हमधला अहवाल उडाला होता. तासाभरात काढून दिला. त्यांनी कौतुकानं विचारलं की हे शिकायला किती वर्षं लागली. मी म्हटलं, अजून शिकायलेय. बोलताना तोंडातून आपसूक इकडची बोली आली, बरं वाटलं.

७ एप्रिल

आज सरजाबाई आल्या. पासष्टीच्या असतील. चुडाव्याच्या पुढं नदीकाठी त्यांचं गाव आहे. तिथून चालत चुडावा स्टेशन आणि मग पॅसेंजरनं परभणी. वहिनींच्या माहेरच्या ओळखीतून त्यांना दुकानाचं कळलं होतं. खताच्या पिशवीच्या तुकड्यात, वर पांढऱ्या रुमालात, त्यांनी एक पोर्टेबल हार्ड डिस्क आणली होती.

डिस्क त्यांच्या मुलाची. त्याचं नाव सिद्धोधन. लग्नांची, जयंतीची शूटिंग करायचा. जानेवारीत नदीपात्रात वाळू काढून झालेल्या एका खड्ड्यात तो मेलेला सापडला. पाय घसरून बुडाला असा कागद झाला. कॅमेरा, लॅपटॉप, मोबाईल, काहीच सापडलं नाही. ही डिस्क तेवढी सदऱ्याच्या आत पोटाशी बांधलेली होती. बाईंनी ती चुलीवरच्या फळीवर ठेवून वाळवली, आणि कुणालाही सांगितलं नाही.

त्या फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “पोरगं पट्टीचं पवनारं हाय माय. नदीतच वाढलंय. ते कसं बुडंल?” मी विचारलं, मावशी, ह्यात नेमकं काय शोधायचं? त्या म्हणाल्या, “त्यानं ते पोटाशी धरलं व्हतं. काय व्हतं ते मला बघायचंय.”

मी स्पष्ट सांगितलं की पाण्यात गेलेल्या डिस्कची खात्री कुणी देऊ शकत नाही. त्यांनी मान हलवली आणि डिस्क माझ्या हातावर ठेवली. इतक्या उन्हातून आलेली वस्तू, पण गार होती.

८ एप्रिल

पेटीत घेऊन डिस्क उघडली. आत वाळू निघाली.

हे लिहून ठेवते, कारण असं होत नाही. डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं आणि त्याला आतून गाळणी असते. पाणी शिरू शकतं, वाळूचा कण शिरू शकत नाही. इथं तर चिमूटभर नाही, चांगली ओंजळभर निघाली, काळसर, नदीची. एवढी त्या डबीत मावतच नाही. आणि माहिती साठवणाऱ्या तबकड्या आरशासारख्या स्वच्छ, एकही ओरखडा नाही. वाचणारे हेड मात्र गेलेले.

सारखंच मॉडेल असलेली दुसरी डिस्क मिळाली की तिचे हेड काढून हिला बसवायचे. पुण्याला सांगितलं आहे. वाळू कागदाच्या पुडीत बांधून टेबलावर ठेवली. तिचा फोटोही काढला.

११ एप्रिल

दुसरी डिस्क आली. सकाळपासून त्याच कामात. पहिल्याच झटक्यात डिस्क सुरू झाली. टकटक नाही, घरघर नाही. आता थेंबाथेंबानं सगळं माझ्या मशीनवर उतरवून घेते आहे. मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही, फक्त वाचायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

पहिली फाईल लग्नाची निघाली. हळद, मंडप, वाढपी. कॅमेऱ्यामागून सिद्धोधनचा आवाज येतो. “आत्या, इकडं बघा की. हसा थोडं, फोटो लय रुसल्यासारखा यायलाय.” आत्या लाजतात, पदर तोंडाला लावतात. त्याचा आवाज जाडसर आहे, बोलता बोलता हसणारा. मी दोनदा ऐकला. मेलेल्या माणसांचे आवाज मी पुष्कळ ऐकलेत, कामच ते. पण हा आवडला.

जेवायला बसले तर पहिल्याच घासाला दातांखाली वाळू. वहिनींना वाईट वाटलं, त्यांनी पीठ पुन्हा चाळलं. मी म्हटलं, रस्त्यावरची असेल.

१२ एप्रिल

रस्त्यावरची नाही. माठात तळाशी वाळू आहे. माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे. मागच्या खोलीत, रबराची पट्टी लावलेल्या दाराच्या आत, टेबलाखाली पसरलेली आहे आणि ती ओली आहे. एप्रिल महिन्यात, परभणीत, ओली.

झाडून टाकली.

फाईली पुढं सरकताहेत. लग्नं संपली, आता नदी. त्यानं गावच्या पात्रात लपून शूटिंग केलेलं आहे. पोकलेनचा जबडा पाण्यात जातो, वाळू उचलतो. ट्रॅक्टरांची रांग. काठावर बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक माणूस पांढऱ्या कपड्यांत बसलेला. दादांना बोलावून दाखवलं. त्यांनी लगेच ओळखलं. माणिकराव. त्या भागातली वाळू त्यांच्याशिवाय हलत नाही, म्हणाले. मग दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं की एवढ्यावर थांबता येईल का, बाईंना लग्नाचे व्हिडिओ देऊन टाकू.

मी म्हटलं, दादा, डिस्क त्यांची आहे. अर्धी कशी देऊ?

ते काउंटरवर जाऊन बसले. चांगला माणूस आहे, घाबरला आहे. घाबरणं गुन्हा नाही.

१४ एप्रिल

जयंती. सकाळपासून गल्लीत निळे झेंडे, ढोल, लहान पोरांच्या कपाळाला निळ्या पट्ट्या. वहिनी पांढऱ्या साडीत इतक्या छान दिसत होत्या की मी त्यांचा फोटो काढला. मिरवणुकीच्या आधी सरजाबाई दुकानात आल्या. त्याही पांढऱ्या साडीत. जय भीम झालं. मी त्यांना मागच्या खोलीत बसवून लग्नाचा व्हिडिओ लावून दिला.

त्या रडल्या नाहीत. “आत्या, इकडं बघा की” एवढाच तुकडा त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

मग त्यांची नजर टेबलावर गेली. मी सकाळीच पुसलेलं होतं, तरी कडेला वाळूची रेघ होती. त्यांनी ती बोटावर घेतली, वास घेतला, पदराच्या टोकाला बांधली. म्हणाल्या, “ही आमच्या नदीची हाय. आतली. अजून वली हाय.” आणि अगदी साध्या आवाजात, पोरगं बाजारातून परतत असल्यासारखं, “म्हंजी तो यायलाय म्हणा की.”

त्या मिरवणुकीला गेल्या. दुकानात मी एकटी. बाहेर एवढा ढोल की काचा थरथरत होत्या. मी हेडफोन लावून पुढची फाईल तपासत होते. त्याच्या आवाजामागं कुणीतरी खोकत होतं, पाणी नाकात गेल्यावर माणूस खोकतो तसं. मी हेडफोन काढला.

खोकणं थांबलं नाही. टेबलाखालून येत होतं.

लहानपणी रानात मेंढरांच्या वाड्याशेजारी आम्ही झोपायचो. झुडपात काही हललं की अण्णा तिकडं तोंड करून ओरडायचे, कोण हाय, नाव सांग. मी तेच केलं. खाली वाकले नाही, पण मोठ्यानं म्हटलं, “सिद्धोधन असशील तर गप बस. तुझंच काम करायलेय.”

गप झालं.

हात अजून गार आहेत. तरी हे लिहायलेय.

१५ एप्रिल

मिळाली. त्यानं जे पोटाशी धरलं होतं ते हेच.

दुपारची वेळ, नदीपात्र. माणिकराव खुर्चीतून उठून सरळ कॅमेऱ्याकडं चालत येतात. चेहरा स्वच्छ दिसतो. म्हणतात, “सिद्धोधन, ह्या खड्ड्याचं माप घ्यायचंय का तुला? उतर की मग.” सिद्धोधन म्हणतो, “माप सरकारनं घ्यावं साहेब, मी फकस्त दाखवायलोय.” मग बाजूनं कुणीतरी मारतं, कॅमेरा पडतो, नुसतं आभाळ दिसतं आणि आवाज येतात. माणिकरावांचा आवाज येतो. पुन्हा दिसलास तर याच खड्ड्यात घालीन, असं ते नाव घेऊन म्हणतात. शेवटी पळण्याचा, धापेचा आवाज. फाईलवरची तारीख त्याच्या मरणाच्या आदल्या दिवसाची आहे. म्हणजे त्यानं घरी जाऊन हे डिस्कवर उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी ते कुठंतरी पोहोचवायला निघाला.

मी लगेच प्रती केल्या. दादांना न विचारता धम्मशीला मॅडमना फोन केला. त्या इथल्या कोर्टात वकिली करतात, वहिनींच्या शाळेतल्या मैत्रीण. तासाभरात आल्या, पूर्ण पाहिलं, चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, प्रती आज घेऊन जाते आणि वरच्या साहेबांकडं तक्रार देते. मूळ डिस्क मात्र कोर्टाच्या हुकुमानं, पंचांसमोर सील करूनच हलवायची, तोवर इथून हलवू नका, कुणाच्या हातात देऊ नका. मी शब्द दिला.

त्या गेल्या आणि डिस्कनं मान टाकली. बसवलेले हेड गेले. काही हरकत नाही, सगळं उतरलेलं आहे.

१६ एप्रिल

माणिकरावांचा फोन. कुठून कळलं कोण जाणे. आवाज फार गोड. “बाई, तुमी रायभानची लेक ना. आमी तुमच्या अण्णांना वळखतो, आमच्या शिवारात खतासाठी मेंढरं बसवायचे. कामून ह्या लफड्यात पडायलात? ती डिस्क बिघडलेली हाय म्हणून सांगा. बिघडलेलीच तर व्हती.”

मी सांगितलं की डिस्क दुरुस्त झाली, प्रती जिथं जायच्या तिथं गेल्या, आणि तुमचा आवाज अगदी स्वच्छ आला आहे.  ते म्हणाले, “मूळ तर तुमच्यापशीच हाय न्हवं.” फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल उभी होती.

१७ एप्रिल

दादांनी वहिनींना आणि पोरींना घेऊन झरीला जायचं ठरवलं, वहिनींच्या माहेरी. मला पण चल म्हणाले. वहिनी रडकुंडीला आल्या. मी नाही म्हटलं. डिस्क इथं आहे, मी इथं आहे. वहिनींनी भाकरी बांधून ठेवल्या, लोणचं ठेवलं, बुद्धासमोर दिवा लावला आणि गेल्या.

दुपारी मागच्या खोलीत गेले. डिस्क टेबलावर, तिला वायर नाही, वीज नाही, हेड गेलेले. ती फिरत होती. हात ठेवला तर तळव्याला थरथर लागली.

मशीन चालू केलं. यादीत डिस्क दिसली. आत एक फाईल, जी मी उतरवली नव्हती. तारीख नाही, नाव नाही. प्रतींमध्ये ती नाही, तपासलं. फक्त मुळात आहे.

उघडली. गढूळ पाणी. वर उजेडाचा गोळा. वाळूचे कण गोल फिरतात. मग उजेडात वाकून बघणारी तीन तोंडं, त्यातलं मधलं माणिकरावांचं. कुणीही हात पुढं करत नाही. तोंडं हळूहळू लांब जातात. अंधार.

कॅमेरा तेव्हा त्याच्याजवळ नव्हता. त्याच्याजवळ फक्त ही डिस्क होती. डिस्कला डोळे नसतात.

१८ एप्रिल

मॅडमचा फोन आला, तक्रार घेतली गेली. वरून आदेश आला आहे. पोकलेन जप्त करायला माणसं निघाली. सरजाबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं माय.” आणि मग, “त्याचा अजून काय आवाज निघाला का?”

फाईलचं काय सांगणार? सांगितलं नाही.

ती काल होती तेवढी राहिलेली नाही. वाढली आहे. काल अंधारात संपली होती. आज अंधारानंतर पुन्हा पाणी, मग वाळू अगदी डोळ्यांना चिकटलेली, मग कड, मग काठ. बाभळी. उजेड. नजर हलते आहे, चालणाऱ्या माणसाची हलते तशी. एक पाय ओढत.

हे जुनं शूटिंग नाही. बाभळीखालच्या पोकलेनवर सरकारी कागद चिकटवलेला दिसला. तो आज चिकटवलाय.

१९ एप्रिल

फाईल आणखी वाढली. चुडावा स्टेशन. भर दुपार. फलाटावर माणसं बसली आहेत, एक बाई लेकराला वारा घालते. कुणी इकडं बघत नाही. एक शेळी तेवढी दोर ताणून मागं सरते. गाडी येते. डब्याचं दार.

तो इकडंच यायलाय.

कागदाची पुडी फुटली. खोलीभर वाळू, पाय रुतेल एवढी. झाडली. पुन्हा आली. पुन्हा झाडली. मोठ्यानं सांगितलं, “मी पण झाडायला थकत न्हाई.”

थकले आहे.

एकदा वाटलं, हातोडा घ्यावा आणि तबकड्या – हातोडा घेतलाही. मग त्या बाईंचे हलणारे ओठ आठवले. ठेवून दिला. माझ्या हातानं नाही मोडणार. येतोस तर ये.

२० एप्रिल

पेपरात आलं. माणिकरावांवर गुन्हा दाखल, ते फरार. मॅडम म्हणाल्या, पंच उद्या येतील, डिस्क सील होईल, एवढा एक दिवस काढा, नाहीतर माझ्याकडं झोपायला या. डिस्क सोडून कशी जाऊ? नाही म्हटलं. पोलीस मागितले आहेत, पाठवतो म्हणालेत. अजून –

अण्णांना फोन केला. काही सांगितलं नाही. मेंढरांचा आवाज मागं ऐकू येत होता. तेवढं पुरे.

फाईल – परभणी स्टेशन. पूल. वसमत रोड. गल्लीचं तोंड. निळे झेंडे अजून तसेच लटकलेले. मोटारसायकल. तिच्याजवळ थांबतो. बराच वेळ थांबतो. सीटवर ओला हात ठेवलेला दिसतो. हाताची बोटं –

बंद केलं. मशीन बंद केलं तरी पडदा विझला नाही.

खोकणं आता टेबलाखालून येत नाही. गल्लीतून येतं.

२१ एप्रिल, सकाळ

भीती वाटते. लिहून टाकलं, आता जरा बरं.

पण एक सांगून ठेवते, हे वाचेल त्याला. मी गेले नाही. कुणी मला इथं कोंडलं नाही. दार माझ्या हातात होतं आणि मी थांबले.

दुपार

शटर आतून लावलं आहे. पंच निघालेत, वाटेत आहेत.

बाहेर गाडी थांबली. तीन माणसं. आवाज ओळखला. स्वतः आलेत. “बाई, शटर उघडा. नुस्ती ती डबी द्या, आमी जातो.” गोड आवाज. मग शटरवर लाथ. मग लोखंडाचं काहीतरी शटरच्या मधल्या कुलपात –

मॅडमना सांगितलं. पोलिसांना सांगितलं. निघाले म्हणाले.

मी ओरडून उत्तर दिलं. देत नाही. काय करायचं ते करा, प्रती गेल्या, तुमचं तोंड साऱ्या जिल्ह्यानं बघितलं. हसले बाहेर.

सरजाबाईंचा फोन आलाय. आताच. चालू ठेवलाय, टेबलावर. त्या ऐकतायत सगळं. म्हणतायत, घाबरू नको माय, मी हाय.

कुलूप वाकतंय.

पडदा आपोआप –

फाईल चालू झाली. आमची गल्ली. आमचं शटर. तीन पाठी. तो त्यांच्या मागं उभा आहे. त्यांना माहीत नाही. मधली पाठ पांढऱ्या सदऱ्याची. नजर जवळ जाते. मानेवरचा घाम दिसतो. हात पुढं –

बाहेर कुणीतरी खोकलं. लाथा थांबल्या.

ओरडले नाहीत. ओरडायला तोंड रिकामं लागतं. शटरच्या खालच्या फटीतून वाळू आत येते आहे, ओली, भराभर. आता गप. पार गप.

पडद्यावर शटर. कुलूप तसंच आहे. तरी पडद्यावर आता दुकान. काउंटर. काचेचं कपाट. माझ्या खोलीचं दार.

मी मागं वळून बघणार नाही. पडद्यात दिसतंय. माझी वेणी. माझा हात. ही वही. मी हे लिहिते आहे ते दिसतं आहे.

सरजाबाई विचारतायत, कोण आलंय माय, कुणाचा श्वास यायलाय –

भीत नाही. भीते. उठणार नाही.

फोन उचलते. मागं धरते. सिद्धोधन, तुझी आई हाय लाइनवर. बोल तिच्याशी. बो